मांजर लंगडू लागले तर...

काल रात्रीपर्यंत फ्रिजवर, कपाटावर सहज झेपावणारे मांजर सकाळी एक पाय उचलून तीन पायांवर चालताना दिसते आणि घरात लगेच दोन तट पडतात. एकाचे म्हणणे असते, 'मांजरच ते, आपोआप बरे होईल.' दुसऱ्याचा हात तोवर औषधांच्या डब्याकडे गेलेला असतो. पहिल्याचे म्हणणे काही वेळा खरे ठरते. दुसऱ्याचा उपाय मात्र जिवावर बेतू शकतो, कारण माणसांच्या वेदनाशामक गोळीचा लहानसा तुकडाही मांजरासाठी विष ठरतो. त्यामुळे लंगडणाऱ्या मांजराचे काय करावे, याच्याइतकेच काय करू नये हे ठाऊक असणे गरजेचे आहे.

मांजर हा शिकारी प्राणी असला तरी आकाराने लहान आहे. निसर्गात ते स्वतःही मोठ्या प्राण्यांचे भक्ष्य होऊ शकते. अशा प्राण्याला आपले दुखणे जगाला दाखवणे परवडत नाही. पायाला लागले की कुत्रा केकाटतो, मालकाजवळ येऊन पंजा पुढे करतो. मांजर मुकाट्याने पलंगाखाली जाऊन बसते. म्हणूनच मांजर उघडपणे लंगडताना दिसले, तर दुखणे आता लपवण्यापलीकडे गेले आहे, असे समजायला हरकत नाही. शिवाय लंगडणे हा काही आजार नव्हे. ते केवळ लक्षण आहे. त्यामागे बोटाला गुंडाळलेला दोरा असू शकतो आणि हृदयविकारही असू शकतो. पाय दुखतो आहे म्हणजे दोष पायातच आहे, हे गृहीत धरणे मांजरांच्या बाबतीत अनेकदा महागात पडते.

आधी नजर, मग हात

लंगडणाऱ्या मांजराला पकडून पाय ओढून पाहण्याची घाई सर्वप्रथम टाळावी. काही मिनिटे त्याला आपल्या मनाने चालू द्यावे आणि दुरून पाहावे. पुढचा पाय दुखतो आहे की मागचा, पाय मुळीच टेकत नाही की टेकून चटकन उचलते, बसल्या जागी त्या पायाचा पंजा सारखे चाटते का, एवढे लक्षात आले तरी पुष्कळ झाले. याच वेळी मोबाइलवर त्याच्या चालण्याचे अर्ध्या-एक मिनिटाचे चित्रण करून ठेवावे. दवाखान्याच्या अनोळखी जागेत बहुतेक मांजरे चालायलाच तयार होत नाहीत. टेबलावर अंग चोरून बसलेल्या मांजरापेक्षा घरच्या फरशीवर लंगडणाऱ्या मांजराचे चित्रण पशुवैद्यकाला किती तरी जास्त सांगून जाते.

मांजर शांत असेल तर त्यानंतर हात लावावा, आणि तोही आधी न दुखणाऱ्या पायाला. मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार नखे असतात. तळव्याच्या गाद्या, बोटांमधल्या फटी आणि ही नखे उजेडात एकेक करून पाहावीत. तुटलेले नख, गादीत रुतलेली काच किंवा काटा, केसांत चिकटलेले डांबर, पायाभोवती गुंडाळलेले रबरबँड किंवा पतंगाचा मांजा अशा गोष्टी येथेच सापडतात. दोन्ही बाजूंचे पाय एकाच वेळी हातात धरून ताडून पाहणे ही साधी, पण फार उपयोगी युक्ती आहे. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, सुजलेला आहे का आणि विशेष म्हणजे गार लागतो का, हे अशा तुलनेतूनच कळते.

वर दिसणारा बारीक काटा चिमट्याने काढता येतो. तुटलेल्या नखाची किंवा खरचटल्याची जागा सलाइनने धुता येते. घरातील जंतुनाशके मात्र वापरू नयेत. फिनेल आणि क्लोरोझायलेनॉल असलेली द्रावणे मांजरांना घातक असतात. पायाला लावलेले औषध मांजर चाटून पोटात घालणार, हे ठरलेलेच आहे. खोल रुतलेली वस्तू किंवा मांसात कापत गेलेला दोरा ओढू नये.

मांजर गुरगुरू लागले, कान मागे पडले किंवा शेपटी आपटू लागले, की तपासणी तिथेच थांबवावी. दुखावलेले मांजर लाडक्या माणसालाही चावते. त्याचे सुळे बारीक आणि लांब असल्याने जखम वरून क्षुल्लक दिसते, पण जंतू खोलवर पोहोचतात. मांजर चावल्यानंतर हात सुजून रुग्णालयात जावे लागल्याची उदाहरणे डॉक्टरांना नवी नाहीत. भारतात रेबीजचा धोका असल्याने अशी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. बाहेर हिंडणाऱ्या, लस न टोचलेल्या मांजराच्या पायातले बळ जात असेल आणि त्याबरोबर तोंडातून लाळ गळत असेल किंवा वागणे एकाएकी बदलले असेल, तर त्याला हात न लावता खोलीत बंद करून पशुवैद्यकांना कळवावे.

पाय गार लागला तर

लंगडण्याच्या कारणांपैकी एक असे आहे की ज्यात तासही मोलाचे असतात, आणि तेच घरच्यांना सर्वांत कमी माहीत असते. मांजरांमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा विकार बराच आढळतो. मेन कून या जातीत तो आनुवंशिक असल्याचे ज्ञात आहे, पण साध्या देशी मांजरांतही तो असतो. या विकारात हृदयाचा डावा वरचा कप्पा ताणून मोठा होतो, त्यात रक्त साकळते आणि गुठळी तयार होते. ही गुठळी सुटून महारोहिणीतून वाहत जाते आणि बहुतेक वेळा मागच्या दोन्ही पायांकडे रक्त नेणाऱ्या फाट्यावर खोगिरासारखी अडकते. दोन्ही पायांचा रक्तपुरवठा त्या क्षणी तुटतो.

चित्र असे असते: क्षणापूर्वी धडधाकट असलेले मांजर एकाएकी किंचाळते, मागचे पाय फरफटू लागते, तोंड उघडे टाकून धापा टाकते. मागचे पाय हाताला गार लागतात. तळव्याच्या गाद्या फिक्या किंवा निळसर दिसतात. मांड्यांचे स्नायू काही वेळाने लाकडासारखे घट्ट होतात. घरच्यांना वाटते, कुठून तरी पडले किंवा कुणी तरी मारले. हृदयविकाराची शंकाही कुणाला येत नाही, कारण अशा बहुतेक मांजरांच्या हृदयाचा आजार त्या दिवसापर्यंत कुणाच्या ध्यानातच आलेला नसतो. कधी गुठळी पुढच्या एकाच पायात जाते. अशा वेळी किंचाळणे, फरफटणे काही नसते आणि मांजर नुसते लंगडताना दिसते. गार पंजा हाच तेवढा सुगावा असतो.

हा आजार अत्यंत गंभीर आहे. त्यातून अनेक मांजरे वाचत नाहीत. एकाच पायात गुठळी गेलेल्या, पायात थोडी हालचाल उरलेल्या मांजरांना आशा अधिक असते. वेदना इतकी तीव्र असते की वेदनाशमन हाच पहिला उपचार ठरतो, आणि तो दवाखान्यातच होऊ शकतो. गार पाय पाहून गरम पाण्याची पिशवी ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. त्या पायांना संवेदना नसल्याने कातडी भाजली तरी मांजर पाय काढून घेऊ शकत नाही.

चार पायांवर पडले तरी

मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवरच उतरते, हा समज घरोघरी आहे आणि तो बराचसा खराही आहे. हवेत अंग वळवून पाय खाली आणण्याचे कसब पिल्लाला जन्मानंतर सहा-सात आठवड्यांत साधते. पण चार पायांवर उतरणे म्हणजे इजा न होणे नव्हे. उंचावरून येणारा धक्का पायांना पेलत नाही तेव्हा हनुवटी आणि छाती जमिनीवर आदळते. जबडा दुभंगतो, टाळूला चीर जाते, फुप्फुसांना मार बसतो. मालकाला बाहेरून दिसते ते केवळ लंगडणे.

न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात 1984 साली पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली 132 मांजरे आणण्यात आली. त्यांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही सांगितला जातो, कारण त्यातली सुमारे 90 टक्के मांजरे वाचली होती. फार उंचावरून पडलेल्यांना मधल्या मजल्यांवरून पडलेल्यांपेक्षा कमी इजा झाली, असाही निष्कर्ष त्यात होता. त्याचा अर्थ लावताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. जागीच मेलेले मांजर कुणी दवाखान्यात आणत नाही. त्यामुळे हे आकडे जिवंत पोहोचलेल्या मांजरांचे आहेत. त्याच अभ्यासात बहुतेक मांजरांच्या छातीला इजा झाल्याचे आढळले होते. मुंबई-पुण्यातील उंच इमारतींत मांजर पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, ते हे.

म्हणून पडून लंगडणाऱ्या मांजराच्या पायाआधी श्वास पाहावा. शांत बसलेल्या किंवा झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला तिसाच्या आत असतो. तो चाळीसच्या वर गेला, तोंड उघडे पडले किंवा हिरड्या पांढऱ्या दिसल्या, तर पाय मोडला आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. पडल्यानंतर मांजराला लघवी होते की नाही, यावरही लक्ष हवे. मूत्राशय फुटले असेल तर मांजर पहिले काही तास बरे दिसते आणि मग झपाट्याने खालावते. पडल्यावर उठून चालू लागलेले मांजरही त्याच दिवशी दाखवलेले बरे.

बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी असली की पुरे, असे अनेकांना वाटते. ती कबुतरांना बाहेर ठेवते, पण मांजर ती दातांनी तोडू शकते. आणि जाळीबाहेर बसलेले कबुतर हेच तर मांजराच्या उडीचे मुख्य निमित्त असते. धातूची घट्ट बसवलेली जाळी अधिक भरवशाची.

औषधांचा डबा बंदच ठेवावा

आता त्या गोळीविषयी. पॅरासिटामॉल हे आपल्याकडे इतके घरगुती झाले आहे की ते औषध आहे याचाही विसर पडतो. ताप आलेल्या बाळाला चालते ते मांजराला का चालू नये, असा प्रश्न साहजिक वाटतो. उत्तर मांजराच्या यकृतात आहे. माणसाचे यकृत हे औषध ज्या मुख्य रासायनिक मार्गाने निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकते, तो मार्ग मांजरात जवळजवळ बंद असतो. त्यासाठी लागणारे विकर बनवणारे जनुकच मांजरकुळात निकामी झालेले आहे. केवळ मांसावर जगणाऱ्या या प्राण्यांना वनस्पतींतली रसायने पचवण्याची फारशी गरज पडली नाही आणि ती यंत्रणा गळून गेली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

न निघालेले औषध मग दुसऱ्या वाटेने जाते आणि त्यातून विषारी द्रव्य बनते. ते तांबड्या रक्तपेशींवर हल्ला चढवते. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्यास निकामी होते, हिरड्या चॉकलेटी किंवा निळसर दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास जड होतो. हे सारे काही तासांत घडते. सर्वसाधारण मांजराचे वजन चार किलो धरले, तर 500 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे किलोमागे 125 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला तीच गोळी किलोमागे आठ मिलिग्रॅमच पडते. मांजरांत विषबाधेची नोंद किलोमागे अवघ्या 10 मिलिग्रॅमलाही झालेली आहे. म्हणजे त्या एका गोळीचा बारावा हिस्साही धोक्याचा. 'पाव गोळीच दिली' या समाधानाला येथे काही आधार नाही. लहान मुलांच्या गोड सिरपमध्ये आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्येही हेच औषध असते.

चुकून दिले गेलेच, तर लक्षणांची वाट न पाहता गोळ्यांची पट्टी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा आणि किती, केव्हा दिले ते स्पष्ट सांगावे. अ‍ॅसिटिलसिस्टिन हा यावरचा उतारा आहे आणि तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये.

इतर वेदनाशामकांची कथा वेगळी, पण शेवट तसाच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही औषधे मांजराच्या मूत्रपिंडांवर आणि जठरावर घाला घालतात. अ‍ॅस्पिरिन मांजराच्या शरीरातून इतके सावकाश बाहेर पडते की अर्धे उरायलाच दीड दिवसाच्या आसपास लागतो. रोज एक डोस दिला तर तो साठत जातो. मेलॉक्झिकॅम पशुवैद्यक मांजरांना देतात, हे खरे. पण मांजराची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजली जाते आणि माणसांची गोळी 7.5 किंवा 15 मिलिग्रॅमची असते. शिवाय मांजरांना हे औषध वारंवार दिल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्ये त्याच्या वेष्टनावर छापायला लावला. मागच्या आजारातली उरलेली बाटली किंवा शेजारच्या कुत्र्यासाठी आणलेले औषध स्वतःच्या हिशेबाने देणे त्यामुळेच घातक.

गोळी नको तर लेप तरी, असा विचार मराठी घरात हमखास होतो. मुरगळल्यावर आंबेहळद उगाळून लावणे, हळद-चुन्याचा लेप देणे किंवा बाम चोळणे हे माणसांसाठी ठीक. मांजर अंगावर लागलेले सर्व काही चाटून साफ करते. चुन्याने त्याची जीभ पोळते. बाममधला कापूर त्याला विषारी असतो आणि बामला तो ओळखीचा वास देणारे मिथाइल सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनचेच भावंड आहे. घट्ट पट्टी बांधून किंवा फुटपट्टीचा आधार देऊन पाय सरळ करण्याचा उद्योगही नको. बांधलेला पाय सुजला की रक्तपुरवठा अडतो आणि सांध्याच्या वरचे हाड मोडले असेल तर पट्टीच्या ओझ्याने ते अधिकच हलते.

बोक्यांची भांडणे

बाहेर हिंडणारे मांजर, त्यातही नसबंदी न झालेला बोका लंगडत घरी आला, तर बहुतेक वेळा चावा हेच कारण निघते. सुळ्याने पडलेले भोक काही तासांत मिटते, वर केस असतात, त्यामुळे जखम दिसतच नाही. आत मात्र जंतू कोंडले जातात. दोन ते चार दिवसांनी तिथे गळू तयार होते, पाय गरम आणि टणक लागतो, ताप येतो, बोका खाणे सोडतो. मांजराचे नेहमीचे तापमान साधारण 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते; माणसाला ज्याला ताप म्हणतात, ते मांजराचे सामान्य तापमान. म्हणून 'अंग गरम लागते' एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

गळू पिळू नये. पू बाहेर येण्याऐवजी आत पसरण्याची शक्यता असते. पशुवैद्यक ते मोकळे करून धुतात, प्रतिजैविक देतात आणि बोका दोन-तीन दिवसांत चालू लागतो. इतक्या लवकर बरा होणारा लंगडेपणा दुसरा क्वचितच असेल. पण चाव्यांतूनच मांजरांमधला प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू पसरतो, आणि भांडकुदळ बोक्याची नसबंदी करणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे.

पिल्लू आणि म्हातारे मांजर

पिल्लांच्या लंगडण्याचे एक कारण शिंका आणि तोंडातील फोड आणणाऱ्या कॅलिसीव्हायरसमध्ये सापडते. त्यात ताप येतो, आज एक पाय तर उद्या दुसरा पाय दुखतो आणि काही दिवसांत सारे निवळते. लस टोचल्यानंतरही क्वचित असे घडते. दुसरे कारण घरातल्या वाटीतले आहे. पिल्लू आवडीने खाते म्हणून त्याला केवळ बोनलेस चिकन उकडून दिले जाते. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर मग हाडांतून ते काढून घेऊ लागते आणि वाढत्या वयाच्या पिल्लाची हाडे पातळ, ठिसूळ होतात. सोफ्यावरून साधी उडी मारली तरी हाड मोडते. मालकाला वाटते, आपण तर उत्तम खाऊ घालतो आहोत! दूध-पोळीवर वाढवणेही योग्य नाही. त्यात मांजराला अत्यावश्यक असलेले टॉरिन पुरेसे नसते आणि त्याच्या अभावाने डोळे व हृदय बिघडते. पिल्लांसाठी तयार केलेला संपूर्ण आहार हाच यावरचा उपचार आणि तोच प्रतिबंध. कॅल्शियमचे सिरप मनाने सुरू करू नये.

म्हाताऱ्या मांजराचे दुखणे याच्या अगदी उलट, सावकाश येते. बारा वर्षांवरील शंभर मांजरांचे एक्स-रे तपासणाऱ्या 2002 च्या एका अभ्यासात नव्वद मांजरांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा आढळल्या. यातली फारच थोडी मांजरे लंगडतात, कारण झीज सहसा दोन्ही बाजूंना सारखीच होते. लंगडायला एक तरी पाय चांगला लागतो. ती उडी मारणे सोडतात, पलंगावर एका झेपेऐवजी दोन टप्प्यांत चढतात, पाठीचे केस साफ करेनाशी होतात, मातीच्या ट्रेबाहेर घाण करतात. 'वय झाले आता' म्हणून हे सोडून दिले जाते, वास्तविक त्यातले बरेचसे दुखणे असते आणि त्यावर उपचार होऊ शकतात. कडा कमी केलेला ट्रे, पलंगाजवळ एक पाट किंवा ठोकळा आणि उतरवलेले वजन यांनीही पुष्कळ फरक पडतो. वय झालेल्या मांजराची नखे झिजत नाहीत आणि वळून गादीत रुततात, तेव्हा ती महिन्यातून एकदा तरी पाहावीत. मागचा पाय पंजाऐवजी घोट्यापर्यंत पूर्ण टेकून चालणारे मांजर लंगडत नसते. तो मधुमेहाचा परिणाम असू शकतो आणि त्यासाठी रक्ताची तपासणी लागते.

दवाखान्यात आणि नंतर

मग थांबायचे केव्हा? मांजर पाय टेकते आहे, खाते-पिते आहे, सूज किंवा जखम दिसत नाही, पाय गार नाही आणि ते पडल्याची शंका नाही, अशा स्थितीत एक दिवस त्याला एका खोलीत उड्या मारू न देता ठेवून वाट पाहता येते. दुसऱ्या दिवशीही तितकेच लंगडत असेल तर दाखवावे. पाय अजिबात टेकत नसेल, तर त्याच दिवशी. खाणे सुटलेल्या मांजराच्या बाबतीत, विशेषतः ते लठ्ठ असेल तर, दोन दिवस थांबणेही बरे नव्हे. उपाशी राहिल्याने त्याच्या यकृतात चरबी साठून दुसराच आजार उभा राहतो.

नेण्यासाठी झाकण असलेली टोपली किंवा पिंजरा हवा. मांडीवर, रिक्षात उघड्यावर नेलेले घाबरलेले मांजर मोडक्या पायानेही उडी घेते. पाय मोडल्याचा संशय असेल तर ते बसले आहे त्याच चादरीसकट उचलून ठेवावे. एक्स-रेसाठी गुंगी द्यावी लागण्याचा संभव असल्याने निघण्याआधी खायला द्यावे की नाही, हे फोनवर विचारून घ्यावे. मुंबईत परळचे जुने बैलघोडा हॉस्पिटल आणि त्याच परिसरातले 1886 पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मी येथे 2024 मध्ये टाटा न्यासांचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. लहान शहरांत रात्रीची सोय सहसा एखाद-दुसऱ्या दवाखान्यात असते. तो कोणता, हे मांजर ठणठणीत असतानाच शोधून ठेवलेले बरे.

हाड मोडले असेल तर कधी शस्त्रक्रिया लागते. कमरेच्या हाडाचे काही मोड मात्र केवळ विश्रांतीने जुळतात. ही विश्रांती म्हणजे चार ते सहा आठवडे पिंजरा, आणि उपचारातला सर्वांत अवघड भाग हाच. पिंजऱ्यात अंथरूण, पाणी आणि ट्रे मावेल एवढी जागा हवी, उडी मारता येईल एवढी उंची नको. दुसऱ्या आठवड्यात दुखणे कमी होते, मांजर दाराशी बसून ओरडू लागते, चालताना जवळजवळ बरे दिसते आणि घरातील कुणाला तरी त्याची दया येते. हाड तोवर जुळलेले नसते. पुन्हा काढलेल्या एक्स-रेत ते जुळलेले दिसेपर्यंत दार बंदच ठेवावे लागते.